शून्य धरताना

तमन्ना मुजावर बार खांद्यावर घेऊन खाली बसली आणि तिच्या कमरेवरचा दिवा लाल झाला.

शेडमध्ये एकदम शांतता पसरली. एरवी सावळजच्या त्या शेडमध्ये शांतता मिळणं मुश्कील. कधीकाळी तिथं द्राक्षं वाळवून बेदाणा करायचे. अजूनही ढगाळ हवेत भिंतींना गोडसर, आंबूस वास सुटतो. आता तिथं गावच्या मुली वजनं उचलतात, लोखंड आपटतात आणि एकमेकींच्या उखाळ्यापाखाळ्या काढतात. पण लाल दिवा लागला की सगळ्यांची तोंडं बंद होतात.

तमन्ना सावकाश उठली. बार स्टँडवर ठेवला आणि मान वाकडी करून स्वतःच्या कमरेकडे बघायचा प्रयत्न केला.

"मॅडम, खरंच लालच हाय?"

"लालच आहे," प्रशिक्षक नीलम चौगुले म्हणाली. "काढ पट्टा."

"एकदा परत बघू की."

"गेल्या आठवड्यात लाल, आज लाल. दोन झाले तमन्ना. परत काय बघायचं?"

दोन लाल म्हणजे वर्षभर घरी, असा भारोत्तोलन महासंघाचा नियम होता. पुण्याची निवड चाचणी परवावर आलेली. प्रत्येक वजनगटात एका केंद्राची एकच मुलगी जाणार, आणि सावळजमधून जाणार होती ती तमन्ना. याबद्दल कुणाच्याच मनात शंका नव्हती. तिच्याइतकं वजन जिल्ह्यात दुसरी कुणी उचलत नव्हती. त्याच वजनगटात तिच्या खालोखाल नंबर होता ओवीचा. ओवी म्हणजे नीलमची लेक.

ओवीच्या कमरेवरचा दिवा हिरवा होता. कायम हिरवाच असायचा.

तमन्नानं पट्टा काढून बाकावर ठेवला. रडली नाही. तिच्या लांबसडक वेणीचं टोक मुठीत धरून उभी राहिली नुसती. ओवी तिच्याजवळ गेली, तर तिनं मान फिरवली. 

---

या पट्ट्याबद्दल थोडं सांगायला हवं.

माणूस उकिडवा बसतो तेव्हा मांडीचं हाड खुब्याच्या खोबणीत फिरतं. काही अंतर ते मोकळं फिरतं, मग खोबणीच्या काठाला टेकतं. त्याच्याही खाली जायचं असेल तर खुब्याला जागा उरत नाही. मग कमरेचं अख्खं कडंच मागच्या बाजूला कलतं आणि माकडहाड पायांमध्ये आत वळतं. सावळजच्या मुली त्याला 'शेपूट गेलं' म्हणायच्या. कडं कललं की त्याला जोडलेले खालचे मणकेही ओढले जातात, पाठीचा नैसर्गिक बाक सपाट होतो, आणि आणखी खाली गेलं तर उलटा होतो. दोन मणक्यांमधली गादी पुढून चेपते आणि तिच्यातला मऊ गर मागे सरकू बघतो. मागे असतात पायांकडे जाणाऱ्या नसा.

थोडंसं शेपूट सगळ्यांचंच जातं. अंगणात मातीत खेळणाऱ्या पोराचंही जातं, त्यानं काही बिघडत नाही. बिघडतं ते खांद्यावर शंभर किलो असताना, रोज, वर्षानुवर्षं. कुणाचं किती जाणार हे खोबण किती खोल यावर असतं, आणि खोबण जन्मतःच मिळालेली असते. त्यात मेहनतीचा काही संबंध नाही, पुण्याईचाही नाही.

पूर्वी प्रशिक्षक हे डोळ्यांनी बघायचे आणि निम्म्या वेळा चुकायचे. मग पट्टा आला. त्याच्या आतल्या बाजूला मसुराएवढे डोळे होते. गर्भातलं बाळ दिसतं त्याच आवाजाच्या लहरींनी ते मणक्यांच्या कडा बघायचे, कडं किती अंशांनी कललं ते मोजायचे आणि गादीवर किती ताण आला त्याचा हिशेब करायचे. हजारो खेळाडूंच्या पाठी बघून पट्टा शहाणा झालेला. कुणाची गादी येत्या काही वर्षांत सरकणार, हे तो ती सरकायच्या आधी सांगायचा.

त्याला फक्त एक गोष्ट लागायची. ही पाठ सरळ असताना कशी असते, हे त्याला एकदा दाखवावं लागे. पट्टा बांधला की बातम्या देणाऱ्या बाईच्या आवाजात तो म्हणायचा, "कृपया स्वाभाविक उभे राहा." मग दहा सेकंद तुम्ही जसे उभे राहाल ते त्याचं शून्य. पुढचं सगळं मोजमाप त्या शून्यापासून. याला मुली 'शून्य धरणं' म्हणायच्या.

महासंघानं पट्टा सक्तीचा करावा म्हणून ज्यांनी अर्ज केले, बैठकांतून भांडणं केली, त्यांत नीलम पुढे होती. तिला कारण होतं. बाविसाव्या वर्षी, राज्याची विजेती असताना, खाली बसल्यावर तिच्या कमरेत काहीतरी सुटलं. पुढचं वर्ष तिनं छताकडे बघत काढलं. शस्त्रक्रियेनं चालता आलं, पण डाव्या पायाचा अंगठा तेव्हा बधिर झाला तो झालाच. आजही चपलेत खडा गेला तर तिला कळत नाही; घरी येऊन रक्त बघितल्यावर कळतं.

आपल्या हाताखालच्या एकाही पोरीवर ही वेळ येऊ द्यायची नाही, हा तिचा एवढा एकच हट्ट होता.

---

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तमन्नाची आई शाहीन आली. ती आणि नीलम गावच्या शाळेत एका बाकावर बसलेल्या. शाहीन बेदाण्याच्या कारखान्यात प्रतवारीवर होती. दिवसभर काळे दाणे बाजूला काढून तिच्या बोटांची टोकं चिकट झालेली असायची. चहा समोर ठेवला तरी तिनं कपाला हात लावला नाही.

"लोक काय बी बोलायल्यात," ती म्हणाली. "मी न्हाई बोलत. मी तुला ओळखते."

"काय बोलतायत?"

"हेच की. मॅडमची लेक हिरवी आन् दुसऱ्याची लाल."

नीलमचे कान तापले. "शाहीन, पट्ट्याला काय माहीत कोण कुणाची लेक?"

"तेच मी म्हनलं त्यास्नी." शाहीन जरा थांबली. "पर पुण्यात फेरतपासणी मागता येती म्हणं. बाद झालेल्या पोरीची बी. माग की एकदा. तिथं लाल लागला तर मी स्वतः तिला घरी बसवीन. माझं काय नडलंय व्हय पोरीचा मणका मोडायला?"

"एका केंद्राला एकच फेरतपासणी मिळते, गं. आणि पट्टा चुकत नाही. दोनदा दाखवलंय त्यानं. तिची खोबण खोल असणार. उद्या काही झालं तर तूच म्हणशील, नीलमनं डोळे मिटले."

"तू डोळ्यांनी बघितलंस का, तिची कंबर जाताना?"

नीलमनं शाहीनचा गार झालेला कप पुढे सरकवला. खरं सांगायचं तर तिला ती जाताना दिसली नव्हती. तमन्नाची बैठक कशी, देवळाचा खांब खाली उतरावा तशी. पण डोळे चुकतात, म्हणून तर पट्टा आणला. पूर्वी ती प्रत्येक मुलीच्या कमरेवर तळहात ठेवून तिला खाली बसवायची, हाताला हाड फिरल्याचं कळायचं. पट्टा आल्यापासून तिनं ते सोडून दिलं होतं. पट्ट्यावर हात ठेवून काय कळणार?

"बघते," ती म्हणाली.

शाहीन उठली. दाराशी जाऊन म्हणाली, "तमन्ना येणार हाय उद्या गाडीत. ओवीचं सामान कोण धरणार, म्हणत हुती. मी म्हनलं, जा."

त्या रात्री नीलमचा डोळ्याला डोळा लागला नाही. लोक बोलतात त्याचं तिला फारसं वाटत नव्हतं. पण एक विचार सुरवंटासारखा अंगावर चढत राहिला. लाल दिवा ओवीचा असता, तर फेरतपासणी मागायला मी एवढा विचार केला असता का?

उत्तर तिला माहीत होतं, म्हणून तिनं कूस बदलली.

---

विजेवरची छोटी गाडी पहाटे अंधारात निघाली. कऱ्हाडच्या पुढे उजाडलं. मागच्या सीटवर दोघी मुली एकमेकींच्या खांद्यावर डोकं टाकून झोपल्या होत्या; परवाचा राग कुठे विरला कोण जाणे. अठरा वर्षांच्या पोरींचं हे बरं असतं.

साताऱ्याला चहाला थांबले तेव्हा ओवी डाव्या बुटाची नाडी सैल करत बसलेली.

"काय झालं?"

"काय नाही. नवीन बूट हायत, आवळतात जरा."

"महिना झाला की घेऊन. अजून नवीनच?"

"असू दे गं आई. तू आज प्रत्येक गोष्टीला घाबरणार हायस का?"

तमन्ना हसली, नीलमही हसली. आज प्रत्येक गोष्टीला घाबरणार होती, हे खरंच होतं.

क्रीडासंकुलात पोचल्यावर आधी पट्ट्याची चाचणी, मग वजन, मग स्पर्धा, असा क्रम होता. चाचणीचा हॉल मोठा, पांढराफटक. राज्यभरातल्या मुली रांगेनं उभ्या. प्रत्येकीची बैठक, वर पट्ट्याला जोडलेला मोठा दिवा, आणि दिव्याखाली कुणाची तरी आई नाहीतर प्रशिक्षक श्वास रोखून. हॉलमध्ये एवढी माणसं असून पंख्यांचा आवाज ऐकू येत होता.

"ओवी, केस," नीलमनं आठवण केली.

केस बांधल्याशिवाय बारला हात लावायचा नाही, हा सावळजचा नियम. फार पूर्वी एका मुलीची बट बार आणि खांद्याच्या मध्ये अडकून उपटली गेली होती, तेव्हापासून नीलमनं तो केला होता. ओवी रोज घरूनच अंबाडा घालून यायची. तमन्नाची आई उजाडताच कारखान्यात जायची, म्हणून तमन्ना केस मोकळे सोडून यायची आणि ओवी तिची वेणी घालायची. रोज. पट्टे शून्य धरत असताना दहा सेकंद नुसतं उभं राहायचं असतं, ते कशाला वाया घालवायचे? वेळ वाचतो, म्हणून नीलमनंच तशी शिस्त लावून दिली होती.

आज पहाटेच्या घाईत ओवीचेच केस राहिले होते.

"उभी राहा सरळ. आज मी घालते," तमन्ना म्हणाली आणि तिच्या मागे गेली.

ओवी ताठ उभी राहिली. "कृपया स्वाभाविक उभे राहा," पट्टा म्हणाला. तमन्नानं भराभरा पेड घातले. पट्ट्यानं शून्य धरलं. ओवी बारखाली गेली, तिच्या नेहमीच्या वजनाच्या निम्म्या वजनाखाली, आणि खाली बसली.

दिवा लाल झाला.

नीलमला आधी वाटलं, शेजारच्या मुलीचा असेल. मग वाटलं, पट्टा सैल असेल. मग ती टेबलाकडे निघाली.

"सावळज केंद्र," टेबलामागच्या बाई म्हणाल्या. त्या नियमानं वागणाऱ्या, पण चेहऱ्यानं मऊ होत्या. "लाल आहे. फेरतपासणी हवी असेल तर नाव सांगा. एकच मिळेल."

"हवी!" नीलम म्हणाली. काल तमन्नासाठी तिला रात्रभर विचार करूनही ठरवता आलं नव्हतं. आज एक श्वासही लागला नाही. हे तिचं तिलाच ऐकू आलं, आणि नाव सांगायला उघडलेलं तोंड तसंच राहिलं.

ओवी धावत आली. पाठोपाठ तमन्ना.

"आई, असं कसं झालं? माझा कधीच लाल नसतो!"

"शांत हो. पट्टा नीट बांधला होतास ना?"

"तुझ्यासमोर तर बांधला. सगळं रोजच्यासारखं..." ओवी बोलता बोलता अडखळली. तिनं तमन्नाकडे बघितलं. तमन्नाच्या हातात अजून तिचा कंगवा होता. "रोजच्यासारखं नाही," ओवी हळूच म्हणाली. "रोज मी मागं असते."

नीलमच्या डोळ्यांसमोर ती बेदाण्याची शेड उभी राहिली. तमन्ना पुढे. "छाती पुढं!" हे वर्षानुवर्षं ऐकलेलं, म्हणून शून्य धरायची वेळ आली की सावधानात, कंबर आत घालून, पाठीची कमान करून उभी, निवड जवळ आली तशी जास्तच. आणि तिच्या मागे, तिच्याहून वीतभर उंच ओवी. वाकलेली. पाठ गोल, मान खाली, बोटं वेणीत.

दोघींचे पट्टे एकाच वेळी शून्य धरत होते. रोज.

तमन्नाची कमानीची पाठ पट्ट्यानं सरळ म्हणून धरली. मग ती खाली बसून साधी सरळ झाली तरी त्याला वाटायचं, केवढी वळली ही! आणि ओवीची गोल पाठ त्यानं सरळ म्हणून धरली. ती खाली बसून आणखी गोल झाली तरी त्याला वाटायचं, फार कुठे फरक पडलाय?

पट्टा एकदाही चुकला नव्हता. त्याला जे दाखवलं ते त्यानं इमानेइतबारे मोजलं होतं.

"म्हणजे माझं लाल खोटं हुतं," तमन्ना म्हणाली. तिचा आवाज आनंदाचा नव्हता. ती ओवीकडे बघत होती, आणि बघता बघता तिनं तोंडावर हात ठेवला.

ओवीला ते कळलं होतं, पण ती अजून मानायला तयार नव्हती. तिनं आईचा दंड धरला. "आई, फेरतपासणी माग. माझी. मी शून्य धरताना जरा वाकून उभी राहते. हिरवा येईल. कुणाला कळणार हाय? मग वजन, मग स्पर्धा, एकदाच! एवढी एकच स्पर्धा. घरी गेल्यावर तू म्हणशील तसं करीन. बैठका बंद करीन. आई, मी पण खूप मेहनत केलीय गं."

केली होती. पहाटे उठून केली होती, तापात केली होती, तमन्नाच्या मागे दुसरा नंबर घेऊन हसत हसत केली होती. नीलमला हे सगळं माहीत होतं. ही माझी लेक आहे, एक दिवस तिला मिळाला तर कुणाचं काय जातं, असं तिच्या मनात आलं. अगदी स्पष्ट आलं. आयुष्यात इतक्या जोरानं तिला काहीच हवंसं वाटलं नव्हतं.

तिनं ओवीचा पट्टा वर सरकवून तळहात तिच्या कमरेवर ठेवला. "बस खाली," ती म्हणाली. "बारशिवाय."

ओवी बसली. मांड्या अर्ध्याच्या खाली गेल्या आणि नीलमच्या हाताखाली हाड फिरलं. थोडंथोडकं नाही. ओला साबण निसटावा तसं निसटलं.

असं किती महिने? शंभर किलोखाली, हिरव्या दिव्याखाली, आपल्या डोळ्यांसमोर?

"ओवी," ती म्हणाली. "बूट खरंच आवळतो का?"

ओवीनं बसल्या जागी डावा पाय मागे घेतला.

"खरं सांग, बाळा."

"मुंग्या येतात," ओवी म्हणाली. "डाव्या पायाला. मांडीच्या मागून खाली. पण दिवा हिरवा हुता ना आई. मला वाटलं, दिवा हिरवा हाय म्हणजे पाठीचं काय नसणार. बुटाचंच असणार."

नीलम तिच्यासमोर खाली बसली.

"सावळज केंद्र," टेबलामागच्या बाईंनी पुन्हा विचारलं, "फेरतपासणी कुणाची?"

नीलमनं ओवीच्या चेहऱ्यावरची नजर काढली नाही. "तमन्ना मुजावर," ती मोठ्यानं म्हणाली.

ओवीनं डोळे मिटले. खालचा ओठ दातांत धरला. तमन्ना जागची हलेना. "मॅडम, ओवी..."

"जा तू. पट्टा बांध. आणि तमन्ना, शून्य धरताना सैल उभी राहा."

"सैल म्हंजे कसं?" तमन्ना घाबरून म्हणाली. तिला ते खरोखरच येत नव्हतं. एवढ्या वर्षांत नीलमनं कुणाला सैल उभं राहायला शिकवलंच नव्हतं.

ओवीनं मिटल्या डोळ्यांनीच सांगितलं, "आपण स्टँडवर एस.टी.ची वाट बघत उभ्या राहतो ना. तशी."

तमन्ना गेली. मागे बातम्या देणाऱ्या बाईचा आवाज आला, "कृपया स्वाभाविक उभे राहा." नीलमनं वळून बघितलं नाही. ती ओवीच्या बुटाची गाठ सोडत होती. गाठ सुटत नव्हती. शेवटी तिनं नाडी तशीच ओढून बूट काढला. मोजा काढला. लेकीचं पाऊल मांडीवर घेतलं. लहानपणी नखं कापायला घ्यायची तसं.

अंगठा गुलाबी होता, धडधाकट होता. बाहेरून बघून काहीच सांगता आलं नसतं.

मागे लोखंडाचा आवाज झाला. तमन्ना खाली बसली असणार. हॉलमध्ये क्षणभर पुन्हा पंखे ऐकू आले, मग कुणीतरी टाळी वाजवली, आणि हिरवा उजेड समोरच्या पांढऱ्या भिंतीवर पडला. ओवीनं डोळे उघडून तो बघितला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी ती हसली. मैत्रिणीसाठी मनापासून हसली.

नीलमनं अंगठ्याचं टोक चिमटीत धरलं आणि जोरात दाबलं. स्वतःचं नख पांढरं पडेपर्यंत दाबलं.

भिंतीवरच्या हिरव्या उजेडाकडे बघत ओवी म्हणाली, "आई, दाबलंस की सांग."